बाबांची सीडी आणि माझी डीव्हीडी

डीव्हीडी चालणार की नाही यावरून आमच्या घरात चार महिने भांडण चाललं होतं. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी. आई दोघांना जेवायला वाढायची आणि म्हणायची, "जेवताना तरी त्या तबकड्या बंद करा."

महाडच्या बाजारपेठेत आमचं व्हिडिओ लायब्ररीचं दुकान होतं. पुढे भाड्याने द्यायच्या सिनेमांची कपाटं, मागच्या खोलीत संगणक आणि वर आमचं घर. लग्नसराईत बाबा खांद्याला कॅमेरा लावून महाड-पोलादपूरची खेडी पालथी घालायचे. त्यांनी आणलेलं शूटिंग मी संगणकावर कापायचे, जोडायचे, त्यात गाणी घालायचे आणि त्याच्या सीडी करून द्यायचे. मुंबईला मावशीकडे राहून मी एडिटिंग शिकून आले होते, त्यामुळे दुकानात मला थोडा मान होता. थोडाच.

बाबांचं सीडीवर मनापासून प्रेम होतं, आणि त्याला कारण होतं. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी कॅसेटवर धंदा केला. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला पांढरी लव येते, तिथे कॅसेटची काय कथा! चार महिने बाबा कॅसेटी उघडून, कापसाचा बोळा घेऊन बुरशी पुसत बसलेले असायचे. बुरशीची एक कॅसेट मशीनमध्ये गेली की मशीनचं हेड खराब, आणि मग पुढची चांगली कॅसेटसुद्धा मुंग्या दाखवणार. मग सीडी आली. बाबा ती गिऱ्हाईकासमोर दुकानाबाहेरच्या नळाखाली धरायचे, सदऱ्याला पुसायचे, मशीनमध्ये घालायचे आणि चित्र आलं की जादूगारासारखे वळून बघायचे. "झालं! आता याच्यापुढे काय येणार?"

याच्यापुढे काय आलं, ते गणपतीच्या सुट्टीत आमच्या काउंटरवरच येऊन पडलं. दासगावचे एक काका मुंबईत नोकरीला होते. ते एक चकचकीत तबकडी घेऊन दुकानात आले. "ह्या टाइपमधला दुसरा सिनेमा आहे का?"

दिसायला ती सीडीसारखीच होती. बाबांनी ती आमच्या मशीनमध्ये घातली. मशीन कुरकुरलं, थांबलं, परत कुरकुरलं आणि पडद्यावर 'नो डिस्क' अशी अक्षरं आली. बाबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"खराब आहे तुमची सीडी."

"सीडी नाही ती, डीव्हीडी आहे," काका म्हणाले. "तुमच्या मशीनला ती वाचता येत नाही. माझ्या मशीनवर दोन्ही चालतात. तुमच्या सीडीपण."

मी मागच्या खोलीतून उठून बाहेर आले. "म्हणजे जुन्या सीडी फेकायच्या नाहीत?"

"कशाला फेकायच्या? या की उद्या दासगावला, दाखवतो."

मी तर जाणारच होते. बाबा म्हणाले, त्यांना वेळ नाही. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर चपला घालून उभे होते.

काकांच्या घरी आरती झाली, प्रसाद झाला आणि त्यांनी टीव्ही लावला. आजही मला ते पहिलं चित्र डोळ्यांसमोर दिसतं. नदीचा एक साधा देखावा होता. त्यात पाण्यावर पडलेली पानं मोजता येत होती. मी खुर्चीवरून उठले आणि टीव्हीपुढे जमिनीवर जाऊन बसले. सीडीत मी रोज पाणी बघत होते, पण तिथलं पाणी म्हणजे हलणारे हिरवे ठोकळे. संगणकावर माझ्याच हाताने मी ते ठोकळे करत होते, कारण सीडीत जागाच इतकी कमी की चित्राचा चुरा केल्याशिवाय ते आत मावायचं नाही. आणि इथे अख्खा सिनेमा एका तबकडीत, चुरा न होता!

"बाबा, बघा ना! मध्ये उठून दुसरी सीडी घालायची गरज नाही."

बाबा हाताची घडी घालून बसले होते. "मध्ये उठतात म्हणून तर लोक चहा करतात," ते म्हणाले. "ही चैन आहे. डोंगरावरच्या माणसाने आत्ता कुठे सीडीचं मशीन घेतलंय. त्याला काय सांगू, टाकून दे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मी भांडण सोडलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. माझं म्हणणं, येत्या लग्नसराईत आपण डीव्हीडी द्यायची. त्यांचं म्हणणं, या भागात अजून दहा वर्षं सीडीच चालणार.

मार्गशीर्षात एका सकाळी दुकानात एक बाई आल्या. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर, म्हशी पाळणाऱ्यांची दहा-बारा घरांची एक वाडी आहे, तिथल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग बाबांनी केलं होतं. त्यांनी पदराच्या गाठीतून दोन सीडी सोडवून काउंटरवर ठेवल्या.

"दादा, ह्या साफ करून द्या."

बाबांनी सवयीने सीडी उलटून उजेडात धरली. एकही ओरखडा नव्हता. "स्वच्छ आहेत की, वहिनी. कुठे अडकतात का?"

"अडकत नाय. पण माणूस दिसत नाय." त्यांनी दुसरी सीडीही पुढे सरकवली. "आमचं मालक गेलं आषाढात. त्यांचा फोटो नाय एक पण. सारखं म्हशींच्या मागं, फोटोला कदी उभं राहिलं नाय. ह्याच्यात हायत ते. पण तोंडावर चौकटी चौकटी येतात. पुसून निघतील म्हणून आणल्या."

पुसून निघतील. बाबा हातातली सीडी धरून तसेच उभे राहिले.

मी त्यांना आत नेलं आणि संगणकावर सीडी लावली. त्यांनी बोटाने दाखवलं. मांडवाच्या कडेला पांढरं मुंडासं घातलेला एक उंच माणूस उभा होता. चेहरा म्हणजे पाच-सहा तपकिरी चौकोन. दोन क्षण दिसला आणि लगेच पुढे पंगतीचा देखावा आला. त्या दोन क्षणांच्या पुढेही काहीतरी होतं, आणि ते मीच कापलं होतं. चार तासांचं शूटिंग दोन सीडींत बसवायचं होतं. जिथे काही घडत नाही असं मला वाटलं, ते सगळं मी काढून टाकलं होतं.

"मूळ टेप असेल ना?" मी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे. "बघावं लागेल," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही जा. मी निरोप पाठवतो."

त्यांच्यासमोर बोललो नाही, पण आम्हा दोघांनाही माहीत होतं की कॅमेऱ्याच्या टेपा आम्ही परत परत वापरत असू. एका लग्नाची सीडी झाली की त्याच टेपेवर पुढचं बारसं.

त्या गेल्या आणि आम्ही माळा उपसायला काढला. बिस्किटाच्या तीन डब्यांत टेपा होत्या, आणि प्रत्येकीवर एकावर एक चिकटवलेल्या चिठ्ठ्या. मी नखाने चिठ्ठ्या खरवडत गेले. त्या लग्नाच्या चार टेपा होत्या. एकीवर वास्तुशांत, एकीवर बारसं, एकीवर दुसरंच लग्न. तिन्ही शेवटापर्यंत भरलेल्या. चौथीवर एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं.

"गेली," बाबा म्हणाले.

"पूर्ण बघू तरी."

कॅमेऱ्यात टेप घातली आणि वायर टीव्हीला लावली. शाळेतली मुलं नाचायला लागली. कोळीनृत्य झालं, शेतकरी नृत्य झालं, बक्षिसं वाटून झाली. आम्ही दोघं उभ्याने बघत होतो. पाऊण तास होत आला. मुख्याध्यापकांनी आभार मानले, पडदा पडला, पडद्यावर निळा रंग आला. बाबांनी बंद करायला हात पुढे केला आणि एकदम ढोल वाजायला लागला.

मांडव!

मी एवढ्याने ओरडले की आई पीठ लागलेल्या हातांनी खाली धावत आली. पंगत चालली होती. सनई, पोरांचा गलका, पळसाची पानं. जेमतेम चौदा मिनिटं उरली होती त्या लग्नाची. दहा मिनिटं गेली आणि तो उंच माणूस आला. हातात भाताचं टोपलं होतं. ते खाली ठेवून तो मांडवाच्या मेढीला टेकून उभा राहिला आणि समोर कुठेतरी बघत राहिला. कॅमेरा हलला नाही. मुंडाशाच्या टोकाने त्याने तोंड पुसलं, परत बघत राहिला.

"ते लेकीकडे बघत होते," बाबा हळूच म्हणाले. "मला आठवतंय. म्हणून मी कॅमेरा हलवला नाही."

हेच मी कापलं होतं. तेवढ्यात टीव्हीतल्या त्या माणसाचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. तो लाजला, हसला आणि म्हणाला, "माझा काय काढता रे? तिकडं पोरीचा काढा!"

आई मटकन खुर्चीवर बसली. आवाजसुद्धा होता. सीडीत मी त्यावर सनईचं गाणं चढवलं असतं.

मी तो चौदा मिनिटांचा तुकडा संगणकात घेतला आणि लगेच त्याची एक सीडी केली. बाबांना एकदा टेप दाखवायची, एकदा सीडी, आणि काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं. टेपेत त्या माणसाच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या दिसत होत्या. सीडीत डोळेच दिसत नव्हते. बाबांनी दोन्ही परत लावायला सांगितलं.

"डीव्हीडीत टेपेसारखं दिसेल?"

"जवळजवळ तसंच."

"नक्की?"

"दासगावला बघितलंत ना तुम्ही. पाण्यावरची पानं."

बाबा वर गेले आणि कपडे बदलून, पिशवी घेऊन खाली आले. "वीर स्टेशनवरून मुंबईची दुपारची गाडी मिळेल," ते म्हणाले. "डीव्हीडी बनवायच्या त्या रायटरचं नाव कागदावर लिहून दे. मला इंग्रजी नीट बोलता येणार नाही दुकानात."

मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या तासभर आधीच वीर स्टेशनवर जाऊन बसले. रिक्षावाला कंटाळून म्हणाला, "पाव्हणे कुठून येतायत एवढे?" गाडी आली. बाबा दोन खोकी पोटाशी धरून उतरले. एकात डीव्हीडी करायचा रायटर आणि दुसऱ्यात ती दाखवायचं मशीन. रिक्षा महाडच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी खोक्यावरचं सगळं वाचून काढलं होतं.

"हे बघ, ह्यात सीडीपण चालते असं लिहिलंय."

जणू मी चार महिने दुसरंच काही बोलत होते! पण त्या दिवशी मला राग यायला फुरसतच नव्हती.

पहिली डीव्हीडी अर्ध्यात बिघडली. दुसरीत चित्र आलं, आवाज नाही. तिसरी सकाळी लावली, संगणकाने दुपार केली, आणि तेवढ्या वेळात बाबांनी चार वेळा येऊन विचारलं, "किती टक्के?" तबकडी बाहेर आली तेव्हा ती गरम होती. आम्ही ती नव्या मशीनमध्ये घातली. मेढीला टेकलेला माणूस आला, मुंडाशाची सुती वीण दिसली, आवाज आला. बाबांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्माच खाली पडला.

"पण त्यांच्या वाडीत मशीन सीडीचंच असणार," मी म्हटलं.

"म्हणून तर हे आणलं," बाबा म्हणाले. "उद्या आपणच जायचं."

पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे पायथ्याच्या गावापर्यंत जीप, आणि मग दीड तासाचा चढ. बाबांनी मशीन चादरीत गुंडाळून पाठीला बांधलं होतं, वाटेत मला हातसुद्धा लावू दिला नाही. डीव्हीडी माझ्या ओढणीत होती. प्रत्येक वळणावर मी ती चाचपून बघत होते.

वाडीत टीव्ही एकाच घरात होता, बाईंच्या पुतण्याच्या. आम्ही काय आणलंय ते कळल्यावर अर्ध्या तासात सगळी वाडी तिथे जमली. म्हशी सोडून माणसं आली. उन्हाची तिरीप टीव्हीवर पडत होती म्हणून कुणीतरी दाराला घोंगडं लावलं. बाई अगदी मागे, दाराजवळ उभ्या राहिल्या. "बस की गो पुढं," बायका म्हणाल्या, पण त्या हलल्या नाहीत.

चित्र लागलं आणि घरात जो गोंधळ उडाला! "ती बघ आजी!" "मी रे, मी! त्यो मी हाय!" "आमची म्हस बघ गो, कपाळावर चांद हाय तीच!" सीडीत ही माणसं कित्येकदा बघून झाली होती, पण आज पहिल्यांदाच एकमेकांचे चेहरे दिसत होते. मांडवाच्या मागे उभ्या असलेल्या म्हशीची शिंगंसुद्धा ओळखली गेली. मीही त्यांच्याबरोबर ओरडत होते. माझ्याशेजारी बाबा होते, तेही ओरडत होते.

मग तो उंच माणूस आला आणि सगळे गप्प झाले.

त्याने टोपलं ठेवलं. मेढीला टेकला.

"थांबव," मागून आवाज आला.

मी चित्र थांबवलं. ते थरथरलं नाही, जागच्या जागी स्वच्छ उभं राहिलं. बाई माणसांतून वाट काढत पुढे आल्या, टीव्हीपाशी खाली बसल्या आणि चेहरा अगदी जवळ नेला. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "ही खूण बघा. भुवईवरची. रेडकानं मारलेली, आमचं लगीन व्हायच्या आधी. मला वाटला, मी विसरलू ती कुठल्या बाजूला होती."

त्यांनी बोट काढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता चालव गो. त्यांना असा एका जागी उभा राहायची सवय नव्हती."

एवढं म्हणून त्या स्वतःच हसल्या, आणि मग सगळं घर हसलं. मी चित्र सोडलं. पडद्यावरचा माणूस तोंड पुसून लाजला आणि म्हणाला, "माझा काय काढता रे? तिकडं पोरीचा काढा!"

घर नुसतं दणाणलं. "परत लाव!" "परत!" एक म्हातारे गृहस्थ त्याला टीव्हीतच उत्तर देत होते, "अरं काढू दे रे, काढू दे!" आम्ही तो तुकडा पाच वेळा लावला. सहाव्यांदा लावताना वीज गेली आणि शेवटच्या चेंडूवर विकेट पडावी तसा सगळ्यांनी एकदम "आऽऽ" केलं. वीज येईपर्यंत चहा झाला. कुणी उठून गेलं नाही.

निघताना बाबांनी बाईंना सांगितलं, "मशीन इथेच राहू दे. मी दुकानाला दुसरं आणीन." बाई नको नको म्हणत होत्या, पण बाबा ऐकण्यातले नव्हते. मी बाईंसमोर उभी राहिले. त्यांना एक गोष्ट सांगायची होती. सांगितली. "मावशी, ते उभे होते तो भाग मी सीडीतून काढून टाकला होता. मला वाटलं, त्यात काही नाही."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तुला काय ठावं, बाय? तू त्यांना कुठं बघितला होतास?"

उतरताना बाबा माझ्या पुढे होते, आणि चढताना गप्प असलेला माणूस उतरताना थांबायला तयार नव्हता. दुकानाची पाटी बदलायची. लग्न एका डीव्हीडीत, न कापता. ज्यांच्याकडे सीडीचं मशीन आहे, त्यांना सोबत सीडी फुकट. "म्हणजे कुणाला काही टाकून द्यायला नको. बरोबर ना?" दासगावला त्यांना मी उत्तर देऊ शकले नव्हते, ते त्यांनी स्वतःच शोधलं होतं.

त्या लग्नसराईत आम्ही तसंच केलं. कोण जिंकलं म्हणाल, तर डीव्हीडीच जिंकली, पण बाबा म्हणत होते तितकं ते अवघडही नव्हतं आणि मी म्हणत होते तितकं झटपटही नाही. महाडच्या बाजारात दोन वर्षांत सगळे डीव्हीडी मागायला लागले. डोंगरावरच्या वाड्यांत सीडी त्यानंतरही बरीच वर्षं फिरत राहिल्या, आणि आम्ही त्या आनंदाने करून देत राहिलो. पुढे दोन्ही गेल्या. आता लग्नातला प्रत्येक जण फोन वर धरून उभा असतो.

पण त्या पहिल्या सराईतले बाबा मला फार आवडतात. पहिल्या लग्नघरची माणसं दुकानात ऑर्डर द्यायला आली. मुलीच्या वडिलांनी बिचाऱ्यांनी एवढंच विचारलं, "सीडी की डीव्हीडी?" बाबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि टीव्ही लावला. मागच्या खोलीत मला आवाज येत होता. "इकडे बघा, पाहुणे. पळसाचं पान बघा. शिरा दिसतायत की नाही? नाही, तुम्ही जवळ या. अजून जवळ."